मंजिरी कधी विचारणार?

(लंडनमधलं वेम्बली. शनिवारची दुपार, पावणेपाच. मराठी मंडळाच्या हॉलमागे उभी केलेली अलकाताईंची गाडी. काचा बंद, हॉलमध्ये ढोलाची तालीम चालू आहे. अलकाताई पुढे, सुमेधा मागच्या सीटवर. अलकाताईंच्या हातात फोनवरच्या ऑडिओ सीरियलच्या दहाव्या भागाची पानं.)

सुमेधा : फायर अलार्म?

अलका : हो, फायर अलार्म. का? वाजत नाही का कधी? आमच्या ईलिंगच्या बिल्डिंगमध्ये आठवड्यातून दोनदा वाजतो. कुणाचा तरी टोस्ट करपला की झालं.

सुमेधा : वाजतो, मावशी. पण मागच्या एपिसोडमध्ये सासू चक्कर येऊन पडली. त्याच्या आधी पार्सलवाला आला. त्याच्या आधी शेखरच्या बॉसचा फोन. मंजिरी तोंड उघडते, म्हणते, 'शेखर, मला तुला एक विचारायचंय', आणि धाड! काहीतरी होतो.

अलका : होतं. काहीतरी होतं.

सुमेधा : काहीतरी होतं. एव्हरी सिंगल टाइम.

अलका : त्याला उत्कंठा म्हणतात, बाळ. सव्वीस वर्षं मंडळाची गणपतीतली नाटकं लिहितेय मी. प्रेक्षकाला एकदम जेवू घालायचं नसतं. आधी वास येऊ द्यायचा.

सुमेधा : नऊ एपिसोड झाले. सगळ्यांना फक्त वासच येतोय. आमच्या क्लिनिकचा प्लॅन काय होता? क्लिनिकमधल्या लूझनं तिच्या स्पॅनिश सीरियलमध्ये केलं, तसं करायचं. पाचव्या एपिसोडला प्रश्न.

अलका : तुझ्या त्या लूझचं मला सांगू नकोस. ती कोलंबियाची. त्यांच्याकडे बायका ताडकन बोलतात.

सुमेधा : नाही बोलत! तिकडे पण सेम आहे. नवरा, सासू, चर्च, लोक काय म्हणतील. म्हणून तर तिने सीरियल काढला. तिच्या बायका पहाटे ऑफिसं साफ करतात, कानात हेडफोन. आणि पाचव्या एपिसोडला तिची योलांडा नवऱ्याला म्हणाली, 'मी एचआयव्हीची टेस्ट करतेय, तू पण कर.' दॅट्स इट. पुढच्या आठवड्यात क्लिनिकमध्ये लॅटिन बायकांची लाइन! रिसेप्शनला सांगायच्या, योलांडानं पाठवलंय.

अलका : ठाऊक आहे. ऐकलेत मी ते आठही भाग.

सुमेधा : तुम्हाला स्पॅनिश कुठे येते?

अलका : शब्द एक कळला नाही. पण सासू कळली. ती दारातून आत आली आणि तिनं पातेल्यावर झाकण आपटलं ना, मी म्हटलं, ही तर आमच्या ठाण्याची! तिसऱ्या भागात तर रडले मी.

सुमेधा : मग तुम्हाला माहितेय कसं करायचं. आपल्या ग्रुपवर दोनशे बारा बायका आहेत, मावशी. सहा वाजता सगळ्या फोन घेऊन बसतात. मेसेज वाचू? 'मंजिरीला घशाचं काही आहे का?' ही लीड्सहून, माझ्या आईची मैत्रीण. आणि ही हॅरोची काकू, 'तिला जमत नसेल तर शेखरचा नंबर द्या, मी विचारते.'

अलका : बघ! गुंतल्यात की नाही?

सुमेधा : गुंतल्यात. पण टेस्टला किती आल्या, विचारा.

अलका : किती?

सुमेधा : एक. आणि ती पण करून नाही गेली. काउंटरवर मला विचारलं, मंजिरीची झाली का? मी म्हटलं, अजून नाही. तर म्हणाली, मग तिची होऊ दे, मी नंतर येते. पर्स उचलली आणि गेली.

अलका : कोण गं?

सुमेधा : नाव नाही सांगणार. पण ती थांबलीय. मंजिरीसाठी थांबलीय, मावशी. मला रात्री झोप नाही आली.

अलका : बरं बरं. डोळ्यांत पाणी नको आणू, नर्स आहेस तू. दे ते पेन. फायर अलार्म कॅन्सल. लिहिते मी. हं… 'शेखर, आपल्या सहजीवनाच्या आरोग्यविषयक बाबींसंदर्भात'…

सुमेधा : हे कौन्सिलचं लेटर आहे.

अलका : बावीस वर्षं कौन्सिलमध्ये काढली, हात तसाच वळतो. थांब. 'शेखर, तू इकडे दोन वर्षं एकटा होतास, मी पुण्यात होते'…

सुमेधा : गुड. पुढे?

अलका : पुढे सासू पाणी मागते.

सुमेधा : मावशी!

अलका : अगं, नाही येत वाक्य! सासूला लिहिताना पेन धावतं. मंजिरीपाशी आलं की बैल बसल्यासारखं बसतं.

सुमेधा : मग लिहू नका. बोला. मी शेखर आहे. विचारा मला.

अलका : तू हसतेस.

सुमेधा : नाही हसत. बघा. मी शेखर. दमून आलोय. ट्रेन लेट होता.

अलका : होती. शेखरला तरी व्याकरण येऊ दे. हं. 'शेखर…' नाही बाई. हे बघ, विचारलं ना, की दोनच अर्थ निघतात. एक तर माझा तुझ्यावर विश्वास नाही, नाहीतर माझंच काही काळंबेरं आहे. दोन्हीकडून घर पेटतं.

सुमेधा : तिसरा अर्थ नाही? मला माहीत नाही, तुला पण माहीत नाही, तर बघून घेऊ. बॉयलरची सर्व्हिस करतो ना दर वर्षी? तसं.

अलका : नवऱ्याला बॉयलर म्हणू?

सुमेधा : मनात म्हणा.

अलका : तुला थट्टा सुचते. इथं माणूस चांगला असतो, सरळ असतो. आपण आजारी पडलो तर सूप घेऊन येतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी 'जेवलीस का' विचारणारं मिळालेलं असतं. त्याला तोंडावर असलं विचारायचं? काय वाटेल त्याला? साठी उलटलेला माणूस, त्याला म्हणायचं की…

सुमेधा : मावशी.

अलका : काय?

सुमेधा : शेखर छत्तीसचा आहे.

अलका : …मग छत्तीसचा. मी काय म्हटलं?

सुमेधा : साठी उलटलेला म्हटलं.

अलका : जीभ घसरली. उकाडा किती आहे गाडीत! काच खाली कर जरा.

सुमेधा : काच खाली केली की ढोल येतो. मावशी, एक सांगू? रागावणार नाही?

अलका : ते ऐकल्यावर ठरवेन.

सुमेधा : तुम्हाला कारली आवडत नाहीत. माझ्या आईनं केली होती तर तुम्ही तोंड असं केलं होतं. पण दर शनिवारी ईलिंग रोडवर तुम्ही अर्धा किलो कारली घेता.

अलका : डायबेटिससाठी.

सुमेधा : तुम्हाला डायबेटिस नाही. आपला शेखर करतात त्या मिलिंदकाकांना आहे.

अलका : कुणी सांगितलं तुला?

सुमेधा : सगळ्यांना माहितेय. दुकानवाला पण तुम्हाला बघितलं की कारली काढून ठेवतो. काका सगळ्यांसमोर तुम्हाला 'अलकाताई, अलकाताई' करतात आणि तुमच्या घरातून सकाळी पेपर घेऊन बाहेर येतात. आम्ही नाही काही बोलत. आम्हाला आवडतं.

अलका : अगं बाई. आणि मी बावळट, गेले आठ महिने मागच्या दारानं सोडतेय त्यांना!

सुमेधा : महिन्याच्या शेवटी ते तुमच्याकडे राहायला येणार, ते पण माहितेय. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर फुकट कपाट टाकलंय, 'घेऊन जा, मला लागणार नाही.'

अलका : हे राम. मग आता लपवायचं काय राहिलं! ऐक. तीन वेळा ठरवलं, विचारते म्हणून. आधीच्या एपिसोडमध्ये मीच लिहिलंय ना, नवं नातं सुरू करताना दोघांनी तपासून घ्यावं. मला पाठ आहे. विचारायला तोंड उघडलं की मी कुकरच लावते. आता त्र्याहत्तर शिट्ट्या झाल्या असतील, पण प्रश्न नाही निघाला. त्रेसष्टाव्या वर्षी एक माणूस मिळालाय गं. तो उठून गेला तर?

सुमेधा : मागच्या वर्षी आमच्याकडे एक बाई आली. एकसष्ट वर्षं. वजन उतरलं, सारखा खोकला, दोन वर्षं वेगवेगळे डॉक्टर. एकानं पण एचआयव्हीची टेस्ट नाही सांगितली. का? कारण ती आजी होती. सगळ्यांना वाटलं, आजीला कशाला? तिला पण तेच वाटलं.

अलका : वाचली?

सुमेधा : वाचली. रोज एक गोळी घेते, बोलिंगला जाते. पण लवकर कळलं असतं तर ती दोन वर्षं तशी नसती गेली. मी ग्रुपमधल्या यंग मुलींसाठी नव्हते मागे लागले, मावशी. त्या गूगल करतात. मी तुमच्या वयाच्या बायकांसाठी…

अलका : शू! आले ते. काच वाजवतायत. चेहरा नीट कर. माझा नीट आहे ना?

मिलिंद : नमस्कार, अलकाताई! नमस्कार, सुमेधा! अर्धा तास पार्किंग शोधून राहिलो, बापा. शेवटी मंदिराच्या मागं मिळालं. उशीर नाही ना झाला? शेखर हजर आहे. पान कुठाय माझं?

सुमेधा : हे घ्या, काका. पण अलार्मवाला भाग काढलाय.

मिलिंद : काढला? अरे वा, म्हणजे आज विचारणार ही पोरगी? माझ्या बहिणीनं नागपूरहून फोन केला होता काल. म्हणे, तुझी बायको मुकी आहे का?

अलका : तुमच्या बहिणीपर्यंत पोचली मंजिरी?

मिलिंद : तिकडे सदरला तिची अख्खी बिल्डिंग ऐकते. चला, लावा.

सुमेधा : रेकॉर्डिंग ऑन. मंजिरीचा आवाज तिशीचा, मावशी. गो.

अलका : 'शेखर, चहा गार होतोय.'

मिलिंद : 'राहू दे. आज फार दमलो. बोल, काय म्हणत होतीस?'

अलका : 'मी म्हणत होते… तू इकडे दोन वर्षं एकटा होतास. आणि मी… मला…' सुमेधा, बंद कर ते.

सुमेधा : चांगलं चाललं होतं!

अलका : बंद कर म्हणते ना. झालं? मिलिंदराव, तुम्ही राहायला येण्याआधी आपण दोघांनी एचआयव्हीची टेस्ट करून घेऊ. तुम्हीही आणि मीही.

मिलिंद : थांबा, थांबा… हे माझ्या पानावर नाही दिसत. शेखरला मिलिंदराव काहून म्हणून राहिल्या?

अलका : पान खाली ठेवा. मंजिरी नाही बोलत. मी बोलतेय.

मिलिंद : …सुमेधासमोर?

अलका : तिला सगळं माहीत आहे. कारल्यांमुळे.

सुमेधा : मी जाते बाहेर. तुम्ही बोला. मावशी, मागचा दार उघडत नाही.

अलका : चाइल्ड लॉक आहे. वीरसाठी लावलंय, नातू चालत्या गाडीत दार उघडतो.

सुमेधा : ओ माय गॉड. ओके. मी हेडफोन घालते. गाणं लावते मोठ्यानं. मी इथे नाहीये.

अलका : बोला ना काहीतरी. रागावलात?

मिलिंद : नाही.

अलका : माझा तुमच्यावर संशय नाही हो. हे गेल्यानंतर सहा वर्षं मी एकटी होते, त्याआधी तीस वर्षं संसार. ह्यांच्याबद्दल तरी मला काय सगळं ठाऊक होतं? वर्षातले चार महिने फिरतीवर. मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, न विचारणं म्हणजेच विश्वास. आता त्या मंजिरीला लिहिता लिहिता कळलं की ती नुसती भीती होती. परत तसं राहायचं नाही मला.

मिलिंद : अलका, मला एक सांगायचं होतं. मीच सांगायला पाहिजे होतं.

अलका : सांगा.

मिलिंद : आमची ही गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी नागपूरला तीन महिने राहिलो होतो. घर खायला उठे. एक जुनी ओळखीची भेटली. तीही एकटीच होती. चार-पाच वेळा… म्हणजे झालं ते झालं. मी तिला काही विचारलं नाही, तिनं मला काही विचारलं नाही. मग मी परत आलो. विषय संपला, असं मी ठरवून टाकलं.

अलका : आणि मला नाही सांगितलं.

मिलिंद : तुझ्या सीरियलमध्ये शेखरचा आवाज द्यायला लागलो तेव्हापासून झोप नाही. दर शनिवारी मी इथं येऊन बसतो अन् वाटतं, आज ही विचारणार, आज मी पकडला जाणार. अन् तू सासूला चक्कर आणते. खरं सांगतो, दर वेळेला मला बरं वाटे.

अलका : मी कधी सुटतेय याची वाट बघत होते, आणि तुम्हीही?

मिलिंद : भेव लागलं ना. वाटलं, हिला सांगितलं तर ही दार उघडून निघून जाईल.

अलका : गाडी माझी आहे. मी कुठं जाणार?

मिलिंद : मग मी उतरू?

अलका : बसा गुमान. मला वाईट वाटतंय, ते जरा वाटू द्या. ती बाई होती याचं नाही. आठ महिने तुम्ही माझ्या हातची कारली खाल्लीत आणि हे पोटात ठेवलंत, त्याचं. आणि मी तरी कुठं विचारलं? रागवावं तर अर्धा राग माझ्यावरच येतोय.

मिलिंद : अर्धा मला दे. पूर्ण दे हवं तर.

अलका : सुमेधा. सुमेधा! काढ ते हेडफोन.

सुमेधा : काढलेत. म्हणजे… घातले होते. गाणं लावायचा राहिला.

अलका : म्हणजे सगळं ऐकलंस.

सुमेधा : सॉरी. मी नर्स आहे. हे कुठेच जाणार नाही.

अलका : मग नर्स म्हणून सांग. समजा निघालं काही. यांना, किंवा मला.

सुमेधा : तर औषध चालू. फ्री आहे. रोज घ्यायचं, रक्तातला व्हायरस इतका कमी होतो की टेस्टमध्ये दिसत नाही. आणि तसा राहिला की दुसऱ्याला होत नाही. माणूस म्हातारा होतो, भांडतो, सगळं नॉर्मल. तुम्हीच लिहिलंय हे, सातव्या एपिसोडमध्ये. डॉक्टर सरलाच्या तोंडी.

अलका : लिहिलंय. डॉक्टर सरला कशी खणखणीत बोलते. मला मात्र भीती वाटतेय गं.

सुमेधा : वाटू दे. मला पण वाटली होती, पहिल्यांदा केली तेव्हा. बोटाला एक टोचणी, बस. नाही निघालं तर तसं पण सांगतो, आणि दोघं घरी.

मिलिंद : माझा हात धरतेस का जरा, अलका? सुमेधा, तू पाहू नको.

सुमेधा : मी ढोल बघतेय. सॉरी, पण पाच पंचवीस झाले. दोनशे बारा बायका. एपिसोड नाही आला तर हॅरोची काकू गाडीपर्यंत येणार.

अलका : लाव रेकॉर्डिंग. मिलिंदराव, ते पान चुरगाळून टाका.

मिलिंद : अन् मी बोलू काय?

अलका : जे येईल ते. सासू आज देवळात गेलीय, कुणी पाणी मागणार नाही.

सुमेधा : ऑन.

अलका : 'शेखर, मी गुरुवारी क्लिनिकमध्ये जाऊन एचआयव्हीची टेस्ट करणार आहे. तूही चल. तुझ्यावर आळ घेत नाही मी. आपल्याला दोघांनाही माहीत नाही, एवढंच. आणि मला माहीत नसलेल्या गोष्टी घेऊन झोपायचा कंटाळा आलाय.'

मिलिंद : 'मलाही.'

अलका : 'मग येशील?'

मिलिंद : 'येतो. रागावलो असतो ना मंजिरी, तरी आलो असतो.'

सुमेधा : कट. हे… मावशी, आवाज तिशीचा नव्हता हां. त्रेसष्टचाच होता.

अलका : परत घ्यायचं?

सुमेधा : अजिबात नाही. हाच जाणार. क्लिनिकचा नंबर शेवटी जोडते. पाच मिनिटं द्या.

मिलिंद : नंबर जोडायच्या आधी तो फिरवता येतो का? आमच्यासाठी?

सुमेधा : मी इथूनच बुक करते, काका. गुरुवार फुल आहे, मंगळवारी आहे. सव्वादहा आणि साडेदहा, दोन स्लॉट. कोणाचा पहिला?

अलका : माझा टाक. मी विचारलंय, मीच आधी जाते. होऊन जाऊ दे एकदाचं.

मिलिंद : नाही, सुमेधा. सव्वादहाला माझं नाव लिही.

अलका : आता यात पण मान-अपमान?

मिलिंद : तसं नाही ना. माझं आधी उरकलं तर तू आत जाशील तेव्हा मी बाहेर मोकळा असेन. तुझी पर्स धरायला कुणी तरी पाहिजे.